मँचेस्टर ते शेफील्ड, व्हाया स्नेक पास

आकडे वाचून सह्याद्रीत भटकणाऱ्याला हसू येईल. स्नेक पासचा माथा जेमतेम 512 मीटर; आपलं लोणावळासुद्धा त्याहून उंच. पण मी पहिल्यांदा गेलो तेव्हा खाली ग्लॉसॉपला ऊन होतं आणि वर पोचेपर्यंत समोरच्या गाडीचे लाल दिवेही ढगात गेले होते. तेव्हापासून हसणं बंद.

मँचेस्टर ते शेफील्ड हे अंतर ए57 रस्त्याने साठेक किलोमीटर. नकाशा सव्वा-दीड तास सांगेल, तुम्ही अख्खा दिवस काढा. रस्ता 1821 सालचा. नाव वळणांमुळे पडलं असं वाटतं, पण ते आलं वाटेवरच्या सराईवरून. इथल्या जमिनीचे मालक कॅव्हेंडिश घराणं, त्यांच्या कुलचिन्हात साप, म्हणून सराईच्या पाटीवर साप आणि मग घाटालाही तेच नाव.

भारतातून फिरायला आलेल्यांना आपल्या वैध लायसन्सवर बारा महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते, आणि गाडी डावीकडूनच चालवायची असल्याने निम्मं टेन्शन जातं. उरलेलं निम्मं राउंडअबाउटचं. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, एवढं पाठ करा. पाट्यांवरचे आकडे मैलांत असतात. वळणावर हॉर्न देण्याची सवय घरी ठेवून या. टाकी ग्लॉसॉपलाच भरा, नकाशाही तिथेच मोबाइलमध्ये उतरवून घ्या. पुढे दरीत नेटवर्क दगा देतं. निघण्यापूर्वी रस्ता उघडा आहे ना ते बघायचंच. बर्फात तो बंद होतो आणि दरडींचं दुखणंही जुनं आहे. 2022च्या फेब्रुवारीत वादळांनंतर तो काही आठवडे बंद होता.

आपल्या घाटासारखी कणसं, भजी, धबधब्याखालची गर्दी इथे नाही. माथ्यावर झाडही नाही. उजवीकडे किंडर स्काउट, डावीकडे ब्लीक्लो, मध्ये तपकिरी माळ. ऑगस्टमध्ये हीदरची झुडपं फुलतात तेव्हा तोच माळ जांभळा होतो. मला विचाराल तर यावं तेव्हाच. हिवाळ्यात पांढरे पडणारे डोंगरी ससे दिसतात, पण डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, हे विसरू नका.

माथ्यावर पेनाइन वे ही पायवाट रस्ता ओलांडते. गाडी लावायला जागा तुटपुंजी, म्हणून लवकर पोचा. उत्तरेला ब्लीक्लोकडे निघालात की पायाखाली दगडी फरश्या लागतात. जुन्या गिरण्या पाडल्या तेव्हा त्यांच्या जमिनीच्या फरश्या उचलून इथे आणल्या. काहींवर अजून भोकं, खाचा दिसतात. गिरणगावात वाढलेल्याचा पाय तिथे जरा घुटमळतोच.

फरशी सोडली की पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचा काळा, स्पंजासारखा थर. माझा एक पाय गुडघ्यापर्यंत गेला. बाहेर आला तो बुटाशिवाय. जीन्स नकोच, भिजली की दिवसभर वाळत नाही. हायर शेल्फ स्टोन्सजवळ (621 मीटर) अमेरिकी बी-29 विमानाचे अवशेष विखुरले आहेत. 3 नोव्हेंबर 1948ला ते ढगात इथे आदळलं, तेराही जण गेले. तुकडा उचलू नये, आणि त्यावर चढून सेल्फी तर नकोच. नकाशा-होकायंत्र वापरता येत नसेल तर धुक्यात इकडे फिरकू नका.

पुढे उतारावर लेडीबॉवर जलाशय लागतो. अ‍ॅशॉप्टनचा पूल येण्याआधी डावीकडे वळलात की फेअरहोम्स, आणि थोडं चालल्यावर डर्वेंट धरणाची दगडी भिंत. 1943 साली जर्मन धरणं फोडायला निघालेल्या वैमानिकांनी इथे सराव केला होता. लेडीबॉवरच्या पाण्याखाली डर्वेंट आणि अ‍ॅशॉप्टन ही दोन गावं आहेत. डर्वेंटच्या चर्चच्या दफनभूमीतली प्रेतं आधी उकरून बॅमफर्डला पुरली. जुना दगडी पूल सुटा करून वरच्या अंगाला पुन्हा बांधला. चर्चचा मनोरा मात्र तसाच पाण्यातून वर राहिला, तो 1947ला सुरुंग लावून पाडला. मुळशी किंवा कोयनेकडच्या माणसाला ही गोष्ट नवी नाही.

पुलापलीकडे ए57 सरळ शेफील्डला जातो. तुम्ही उजवीकडे बॅमफर्डकडे वळा. लेडीबॉवरच्या धरणाजवळ सुमारे 24 मीटर व्यासाच्या दोन दगडी विहिरी दिसतील. जलाशय भरला की जादा पाणी त्यांच्या कडांवरून गोल आत कोसळतं. भर पावसाळी हिवाळ्यात हे बघायला मिळालं तर नशीब.

तिथून हॅदरसेजला चहा आणि वर स्टॅनेजचा कडा. त्याच्या पायथ्याशी गवतात जात्याची भलीमोठी दगडी चाकं पडून आहेत: घडवली, पण गिऱ्हाईक संपलं म्हणून तिथेच राहिली. शेफील्डच्या रस्त्यावरचं ‘सरप्राइज व्ह्यू’चं वळण खरं तर उलट दिशेने येणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही वळणापुढच्या पार्किंगला गाडी लावा आणि चालत मागे या. पार्किंगचे पैसे तेवढे भरा.