अ‍ॅम्प्लिफायर बंद पडलाय? झाकण उघडण्याआधी हे करून बघा

गेल्या गणपतीत शेजारच्या काकांचा होम थिएटर अ‍ॅम्प्लिफायर ऐन आरतीच्या वेळी गप्प झाला. चालू केला की डिस्प्लेवर ‘प्रोटेक्ट’ लुकलुकायचं आणि टक् आवाज होऊन तो बंद व्हायचा. दुसऱ्या दिवशी आलेल्या मेकॅनिकने झाकणाचा एक स्क्रूही न काढता सांगितलं, ‘आउटपुट गेलंय, साडेचार हजार होतील.’ काका पैसे द्यायला तयार होते. संध्याकाळी मी स्पीकरच्या सगळ्या वायरी मागून काढल्या आणि बटण दाबलं. अ‍ॅम्प्लिफायर चालू राहिला. डाव्या स्पीकरच्या वायरीतली केसाएवढी एक तार निसटून शेजारच्या टर्मिनलला टेकली होती. पीळ देऊन ती आत बसवली. खर्च शून्य.

म्हणून ‘प्रोटेक्ट’ दिसलं की आधी प्लग काढून सगळे स्पीकर सोडवा, मग अ‍ॅम्प्लिफायर एकटा चालवून बघा. चालू राहिला तर बिघाड बाहेर आहे. प्रत्येक वेळी बंद करून एकेक स्पीकर जोडत गेलात की दोषी वायर किंवा स्पीकर सापडतो. स्पीकर काढूनही बंद पडत असेल तरच आतलं काम. अर्धा-पाऊण तास छान वाजून मग बंद पडणं हे वेगळं दुखणं आहे. त्यात बहुतेक वेळा उष्णता कारणीभूत असते. बंद कपाटात कोंबलेला, वर सेट-टॉप बॉक्स आणि त्यावर क्रोशाचा रुमाल, असा अ‍ॅम्प्लिफायर मी कितीतरी घरांत पाहिलाय. वर वीतभर जागा मोकळी ठेवा. 8 ओहमसाठी असलेल्या अ‍ॅम्प्लिफायरला 4 ओहमचे स्पीकर लावले असतील, तर तेही तपासा.

सतत घुंऽ असा आवाज येत असेल, तर सेट-टॉप बॉक्समध्ये येणारी केबलची वायर क्षणभर काढा. आवाज थांबला तर तो अर्थिंगचा लूप आहे. टीव्ही, बॉक्स आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच बोर्डावर घ्या. तरी राहिला तर आयसोलेटर मिळतो, साधारण 200 ते 500 रुपयांना. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कोणी काहीही सांगितलं तरी कापू नका. घुंऽ थांबेल, पण बिघाड झाला तर धातूच्या पेटीत उतरलेला करंट तुमच्या हातातून जाईल. सगळ्या इनपुटच्या वायरी काढूनही घुंऽ चालूच असेल, तर पॉवर सप्लायचे मोठे कपॅसिटर थकलेले असू शकतात. ते बदलायला मजुरीसह हजाराच्या आसपास खर्च येतो.

आवाज कमी-जास्त करताना खरखर येते, ती धुळीची आणि दमटपणाची. कोकणात, गोव्यात खाऱ्या हवेमुळे ती जास्त दिसते. कॉन्टॅक्ट क्लीनरचा डबा दोन-तीनशेत येतो आणि वर्षानुवर्षं पुरतो.

टीव्हीचा आवाजच येत नसेल, तर एचडीएमआयची केबल टीव्हीच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या सॉकेटमध्येच आहे ना, ते बघा. दोन्हींच्या सेटिंगमध्ये सीईसी चालू करा आणि दोन्हींचे प्लग काढून दहा मिनिटं थांबा. इतकं करून बहुतेक वेळा काम होतं.

फ्यूज उडाला असेल, तर तेवढ्याच आकड्याचा आणि त्याच जातीचा बसवा. आकड्याआधी ‘टी’ असेल, तर तो सावकाश उडणारा फ्यूज असतो. किंमत पाच-दहा रुपये. पुन्हा लगेच उडाला तर तिथेच थांबा. फ्यूजच्या जागी तार बांधून कोणी ‘चालू करून’ देत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवा. अशाने ट्रान्सफॉर्मर जळतो, कधी घरही पेटतं.

आता खरोखर उघडायची वेळ आली तर. बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून असते, म्हणून घरी हात घालू नका. मेकॅनिक निवडताना मी एक गोष्ट बघतो: दुरुस्त केलेला सेट तो पहिल्यांदा सिरीज बल्बवर चालवतो का? आत शॉर्ट उरला असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि नवे भाग वाचतात. घरी येऊन बघण्याचे 300 ते 500 रुपये धरा. आउटपुट ट्रान्झिस्टरचं काम साध्या सेटमध्ये मजुरीसह हजार ते अडीच हजारांत होतं. 2एससी5200 आणि 2एसए1943 ही सर्रास वापरली जाणारी जोडी. तिच्या नकला बाजारात भरपूर आहेत. पन्नास-साठ रुपयांत जोडी मिळत असेल तर ती घेऊच नका. नकली भाग थोड्याच दिवसांत उडतो आणि आपण पुन्हा त्याच दुकानाच्या पायऱ्या चढतो.

प्रोटेक्शनचा रिले वगळून थेट जोडणी केलेली आढळली तर ताबडतोब बदलून घ्या. रिले शे-दीडशेचा असतो. तो नसेल तर आउटपुट उडताच डीसी थेट वूफरमध्ये जातो आणि हजारोंचा स्पीकर जळतो. सेट परत घेताना स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी मोजून दाखवायला सांगा. 50 मिलिव्होल्टच्या आत हवा.

खर्चाचा अंदाज आधी लिहून घ्या, काढलेले भाग परत मागा, बिलावर वॉरंटी किती दिवसांची ते नमूद करायला लावा. तक्रारीची वेळ आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क पडत नाही. बिल नसेल तर मात्र दोन्हीकडे तुमची बाजू लंगडी पडते.

एचडीएमआयचा बोर्ड गेला की आकडा कित्येक हजारांवर जातो आणि जुन्या मॉडेलचा बोर्ड मिळतही नाही. पण बिघाड फक्त एचडीएमआयचाच असेल, तर सेट भंगारात घालू नका. टीव्हीच्या ऑप्टिकल सॉकेटमधून दोन-तीनशे रुपयांची केबल जोडा आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये डॉल्बी डिजिटल निवडा. 5.1चे सगळे स्पीकर पुन्हा वाजायला लागतात.