प्रार्थना करा, पण मुलाला आधी कुशीवर वळवा

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती कुटुंबातली आई मंडळीतल्या नव्या आयांना आपला अनुभव आवर्जून सांगते. तिचा धाकटा तेव्हा दीड वर्षाचा होता. दुपारपासून अंग तापलेलं. रात्रीची कौटुंबिक प्रार्थना चालू असतानाच आजीच्या मांडीवर त्याचे डोळे फिरले, हातपाय ताठले आणि झटके सुरू झाले. घरात एकच गलका उडाला. शेजारच्या काकूंनी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी दातखिळी उघडायला चमचा घुसवला. नुकताच आलेला दात हलला, तोंडातून रक्त आलं आणि ते पाहून आजीने हंबरडाच फोडला. खरं तर झटके दोन-तीन मिनिटांत आपसूकच थांबले होते. "पोराला लागलं ते आमच्या चमच्याने," असं ती आई सांगते.

सहा महिने ते पाच वर्षं या वयात तापाबरोबर असे झटके येऊ शकतात. बघणाऱ्याचा जीव जातो, पण बहुतेक वेळा ते पाच मिनिटांच्या आत थांबतात. अशा साध्या झटक्यांनी मेंदूला इजा होत नाही. मात्र साधारण तीनांतल्या एका मुलाला ते पुन्हा येतात, म्हणून काय करायचं हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक हवं. मुलाला जमिनीवर किंवा गादीवर कुशीवर वळवायचं, म्हणजे लाळ नि उलटी बाहेर पडते. गळ्याशी घट्ट असलेले कपडे सैल करायचे, घड्याळ बघायचं. हातपाय दाबून धरायचे नाहीत. तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही, पाणी आणि औषधसुद्धा नाही. पहिलाच झटका असेल, तर तो थांबल्यावरही लगेच डॉक्टरांना दाखवायचं.

काही महिन्यांनी त्या घरात पुन्हा तीच वेळ आली. आजीने मोठ्याने प्रार्थना सुरू केली, आईने मुलाला कुशीवर धरलं, वडील घड्याळ बघत उभे राहिले. कुणीही कांदा आणला नाही.

श्रद्धा असेल तर दवाखाना कशाला, असं म्हणणारं एखादं माणूस प्रत्येक मंडळीत भेटतं. ते प्रेमापोटीच बोलतं, पण त्याचं ऐकण्याची किंमत मूल मोजतं. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात 1991 मध्ये गोवराची मोठी साथ आली. लस आणि औषध नाकारून केवळ प्रार्थनेवर विसंबणाऱ्या दोन मंडळ्यांमध्ये ती वणव्यासारखी पसरली आणि मुलं दगावली. शेवटी न्यायालयाला लसीकरणाचा आदेश द्यावा लागला. आपल्याकडेही 2022 च्या अखेरीस मुंबईत, विशेषतः गोवंडी भागात, गोवराने लहानग्यांचे बळी घेतले. गोवर-रुबेलाची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान सरकारी केंद्रात मोफत मिळते.

बायबलमध्ये वैद्याशी वैर कुठे आहे? पौल ज्याला प्रिय वैद्य म्हणतो, तो लूक. याईराची मुलगी उठून बसली, तेव्हा येशूने घरच्यांना सांगितलं की तिला खायला द्या. मरणातून उठलेल्या लेकराच्या पोटाची काळजी प्रभूनेही केली. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिशन हॉस्पिटल उभं केलं, ते याच विश्वासाने.

आणि अशा घरांत आनंदही भरपूर असतो, तो सांगायलाच हवा. नाताळच्या कार्यक्रमात पाठ केलेलं वचन ऐनवेळी विसरून आईकडे बघणारं पोर, जेवणाआधीच्या प्रार्थनेत एक डोळा उघडून भाकरीवर नजर ठेवणारं पोर! या घरातला धाकटा तर लस घेऊन आल्यावर रात्री हात जोडून म्हणाला, "प्रभू, सुई टोचणाऱ्या नर्सबाईंना पण आशीर्वाद दे." आई ही प्रार्थना सगळ्यांना सांगत असते.

तिने आणखी एक गोष्ट शिकून घेतली आहे. सर्दी-खोकल्यात मूल शांत असताना ती त्याचा सदरा वर करते आणि पूर्ण मिनिटभर श्वास मोजते. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा श्वास मिनिटाला 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा 40 किंवा जास्त भरला, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर तो न्यूमोनिया असू शकतो. अशा वेळी सकाळची वाट बघायची नाही.

झटका पाच मिनिटांत थांबला नाही, लगेच दुसरा आला, मूल भानावर येईना किंवा मान ताठ वाटली, तरी तेच. महाराष्ट्रात 108 या क्रमांकावर फोन केला की रुग्णवाहिका रात्री-अपरात्रीही मोफत येते. हा क्रमांक आजी-आजोबांच्या फोनमध्येही आजच साठवून ठेवा.