लेकराच्या सवयी आईत दिसल्या तर?



आपल्या दशसूत्रीत आरोग्य हे एक सूत्र आहे. आरोग्य म्हटलं की आपण हिमोग्लोबिन, बाळंतपण, बीपी-शुगर यांवर बोलतो. या वेळचा धडा जरा वेगळा आहे. ज्या ताईमुळे तो सुचला, तिला विचारूनच लिहिते आहे. तिचं नाव-गाव मात्र सांगणार नाही.

गेल्या पावसाळ्यात अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीला गेले होते. विषय दंडाचा होता. एक ताई सलग तीन बैठकांना आली नव्हती. त्याआधी आली तेव्हाही दाराजवळ मान खाली घालून बसली आणि न बोलता निघून गेली. तिला दंड लावायचा की गटातून नाव कमी करायचं, एवढंच ठरवायचं होतं. एकजण म्हणाली, "लय घमेंड आहे तिले, तोंडाकडे पाहून बोलत नाही." दुसरी म्हणाली, "दोन्ही लेकरं तशी, तिचं डोकं कसं ठिकाणावर राहीन?" खरं सांगायचं तर मीही माझ्या वहीत तिच्या नावापुढे 'सहभाग कमी' असंच लिहून ठेवलं होतं.

बैठक झाल्यावर तिच्या घरी गेले. सात वर्षांचा मुलगा अंगणात केळीच्या सोपटाचे तुकडे एका रांगेत लावत होता. चार वर्षांची मुलगी कानांवर हात ठेवून बसली होती, कारण शेजारी मिक्सर चालू होता. दोघांनाही स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम आहे, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. चहा ठेवता ठेवता ताई हळूच बोलली, "मॅडम, एक विचारू? डॉक्टरनं पोराबद्दल जे जे विचारलं, ते सारं माह्यात बी आहे. पिठाच्या गिरणीत जा म्हटलं की मी लपून बसो. मायनं किती मारलं मले. बैठकीत साऱ्या एकदम बोलतात तं मले एकीचं बी समजत नाही. माह्यामुळंच तं नाही ना झालं हे लेकराईले?"

तिच्या बोलण्यात दोन प्रश्न आहेत. माझ्यातही हे आहे का? आणि असेल तर दोष माझा का? हे दोन्ही प्रश्न तिच्या एकटीचे नाहीत, म्हणून आज त्यांचाच अभ्यास करू.

स्वमग्नता म्हणजे काय?

हा रोग नाही, वेडही नाही, आणि बाहेरची बाधा तर नाहीच. मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी असते. 'स्वमग्न' या शब्दामुळे वाटतं, की हे माणूस स्वतःतच गुंग असतं, त्याला कोणाची माया नसते. तसं नाही. माया असते, ती दाखवायची रीत वेगळी असते.

मुख्य खुणा दोन प्रकारच्या. पहिली, दुसऱ्यांशी बोलण्या-वागण्यात अडचण: नजर न देणं, खुणा-इशारे न कळणं, बोलणं उशिरा येणं किंवा तेच तेच बोलणं. दुसरी, एकाच ठराविक गोष्टीची ओढ: वस्तू रांगेत लावणं, रोजचा क्रम बदलला की गोंधळून जाणं, आवाज, उजेड, वास किंवा कपड्याचा स्पर्श सहन न होणं. कोणात हे थोडं असतं, कोणात खूप. कोणी अजिबात बोलत नाही, तर कोणी नोकरी-संसार सगळं करतं.

घरात लहान लेकरू असेल तर एवढं लक्षात ठेवा. वर्षाचं झालं तरी नावाला वळत नाही, दीड वर्षाचं झालं तरी बोटानं वस्तू दाखवत नाही, दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडत नाही, किंवा येत असलेले शब्द गेले, तर 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणून थांबू नका. आधी कानाची तपासणी आणि मग विकासाची तपासणी करून घ्या.

हे घराण्यातून येतं का?

बऱ्याच अंशी हो. १९७७ मध्ये इंग्लंडमध्ये सुसान फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या मुलांचा अभ्यास केला. अगदी एकसारख्या जुळ्यांमध्ये एक स्वमग्न असेल तर दुसरंही असण्याचं प्रमाण साध्या जुळ्यांपेक्षा बरंच जास्त निघालं. २०१९ मध्ये पाच देशांतल्या वीस लाख मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा स्वमग्नतेत अनुवंशाचा वाटा सुमारे ८० टक्के दिसला. याचा अर्थ स्वमग्न आईची शंभरातली ८० लेकरं तशी होतात, असा नाही. अर्थ एवढाच की कारणांमधलं मोठं कारण जन्मासोबत येतं, संगोपनातून नाही. घरात एक मूल स्वमग्न असेल तर पुढच्या भावंडात ते दिसण्याचं प्रमाण साधारण पाचात एक आहे. म्हणून धाकट्याकडे लवकर लक्ष द्यायचं.

आणि हे आईकडूनच येतं असंही नाही. ते बापाकडूनही येतं, दोघांकडून थोडं थोडं येतं, कधी लेकरातच नव्यानं घडतं. उंची, नाकाचा आकार, कुरळे केस आपण निवडून देत नाही, तसंच हे. आलं असेल तरी तो वारसा आहे, गुन्हा नाही.

आईला दोष द्यायची खोड फक्त आपल्या गावातली नाही बरं. अमेरिकेत एके काळी मोठे डॉक्टरसुद्धा म्हणायचे, की आई फ्रिजसारखी थंड असते म्हणून लेकरू असं होतं. ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ मध्ये त्यावर मोठं पुस्तक लिहिलं, आणि कितीतरी आयांनी ते ओझं वाहिलं. त्याआधीच, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञानं लिहून ठेवलं होतं, की हे शरीरातूनच येतं, आईच्या वागण्यातून नाही. ते स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. पुढच्या अभ्यासांनी त्यांचंच म्हणणं खरं ठरवलं.

लसीचंही तसंच. १९९८ मध्ये इंग्लंडमधल्या एका डॉक्टरच्या लेखावरून लसीमुळे ऑटिझम होतो अशी अफवा पसरली. तो लेख २०१० मध्ये नियतकालिकानं मागे घेतला. लस चुकवू नका.

मग मोठ्या बाईचं इतकी वर्षं कळलं कसं नाही?

१९४३ मध्ये डॉ. लिओ कॅनर यांनी ज्या ११ मुलांवर गाजलेला लेख लिहिला, त्यात ८ मुलगे होते आणि ३ मुली. तेव्हापासून डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे चित्र राहिलं ते मुलाचंच. मुलगी गप्प बसली तर आपण म्हणतो, किती गुणाची पोर! ती दुसऱ्या मुलींकडे पाहून कसं हसायचं, कधी मान हलवायची, हळदी-कुंकवाला काय बोलायचं, हे पाठ करते. बाहेरून सगळं ठीक दिसतं, आतून ती दमून जाते. लग्न होतं, लेकरं होतात. मग एक दिवस लेकराच्या तपासणीत डॉक्टर प्रश्न विचारतात आणि तिला वाटतं, अरे, हे तर माझ्याबद्दलच विचारताहेत. जगभर कितीतरी आई-बापांना स्वतःची ओळख अशी लेकराच्या निमित्तानं पटली आहे.

पण इथे घाईही करायची नाही. स्वमग्न मुलांच्या नातेवाइकांत काही सवयी तशा असतात, तरी ते स्वतः स्वमग्न नसतात. दुसरं म्हणजे रात्र रात्र जागणं, सततची काळजी, उदासी, थायरॉइड, कमी ऐकू येणं यांनीही माणूस लोकांना टाळतं. फरक ओळखायची एक खूण आहे: हे लहानपणापासून आहे का? दोन-तीन वर्षांत सुरू झालं असेल तर कारण बहुतेक दुसरं असतं. गिरणीला घाबरणारी ती आठ वर्षांची मुलगी म्हणूनच महत्त्वाची आहे.

शंका आली तर काय करायचं?

लेकरासाठी: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते. पथकाला शंका स्पष्ट सांगा आणि जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी मागा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. प्रमाणपत्रासाठी ४० मुद्द्यांची भारतीय तपासणी वापरतात. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड झालं की निरामय आरोग्य विम्यात वर्षाला १ लाखापर्यंतचा खर्च मिळू शकतो. संजय गांधी निराधार योजनेची चौकशी तहसीलमध्ये करा. पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षकांबद्दल विचारा. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

स्वतःसाठी: एक वही करा. लहानपणी काय सहन होत नव्हतं, शाळेत मैत्रिणी होत्या का, कशानं दमायला होतं, ते लिहा. आई, मावशी, मोठी बहीण यांना विचारा. ती वही घेऊन जिल्हा रुग्णालयाच्या किंवा अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात जा. तिथे जाणं म्हणजे वेडं असणं नव्हे. जाणं जमत नसेल, जीव घाबरा होत असेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

आणि एक कळकळीची विनंती. 'सहा महिन्यांत पूर्ण बरं करतो' असं कोणी म्हणालं तर त्याच्यासाठी गटातून कर्ज उचलू नका. स्वमग्नता पुसून टाकणारं औषध नाही. बोलण्याचा सराव, रोजच्या कामांचं शिक्षण आणि समजून घेणारी माणसं, यांनीच फरक पडतो.

घरात आणि गटात

आईला लेकराचं दुखणं आतून कळत असेल तर त्याचा फायदाच आहे. ही ताई मुलीला कधीच 'नाटकं करू नको' म्हणत नाही. मिक्सर लावायच्या आधी ती बोटं दाखवून सांगते, तीन मोजेपर्यंतच. बाजारात जायचं असलं तर सकाळीच सांगून ठेवते. हे तिला कोणी शिकवलं नाही. लहानपणी तिच्यासाठी असं कोणी केलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच तिला ठाऊक आहे.

पुढच्या बैठकीत, तिच्या परवानगीनं, मी गटाला हे सगळं सांगितलं. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग जिनं घमेंड म्हटलं होतं तीच म्हणाली, "आम्हाले काय माहीत बाप्पा, तिनं सांगतलं असतं तं." गटानं चार गोष्टी ठरवल्या. बैठकीचे विषय आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर टाकायचे. एका वेळी एकीनंच बोलायचं. येणं जमणार नसेल आणि आधी कळवलं असेल तर दंड नाही. आणि 'माझ्याकडे पाहून बोल' असं कोणालाही म्हणायचं नाही. दुसऱ्या नियमाचा फायदा तर सगळ्यांनाच झाला, बैठक पाऊण तासात आटोपते.

सगळं गोड झालं असं सांगणार नाही. त्यानंतरही तिच्या दोन बैठका बुडाल्या. सासूबाई अजून म्हणतात, तुह्याच माहेरचं आहे हे. दवाखान्याच्या दोन फेऱ्या झाल्या, तिच्या स्वतःच्या निदानाचा निकाल अजून लागायचा आहे. पण ती म्हणते, "निकाल काही बी येवो, आता मी सोताले शिव्या देत नाही." मीही माझ्या वहीतलं 'सहभाग कमी' खोडलं आणि लिहिलं, 'दाराजवळ बसते, ऐकते'.

डॉ. कॅनर यांच्या लेखातला पहिला मुलगा म्हणजे डोनाल्ड ट्रिपलेट. तो अमेरिकेतल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावात वाढला, तिथल्याच बँकेत त्यानं काम केलं, गाडी चालवली, आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी वारला. गावानं त्याच्या सवयींसकट त्याला आपलं मानलं. घरची परिस्थिती चांगली होती हे खरं, पण गावानं आपलं मानायला पैसा लागत नाही. ते आपला ग्रामसंघही करू शकतो.

पुढच्या बैठकीत यावर बोला

१. आपल्या गटात गप्प राहणारी, लवकर उठून जाणारी कोण आहे? आपण तिला कधी कारण विचारलं का?
२. आपल्या गावात उशिरा बोलणारं लेकरू आहे का? त्याची तपासणी झाली का?
३. दंडाचा नियम सगळ्यांना सारखा असावा, की अडचण पाहून असावा?

उत्तरं इतिवृत्तात लिहा. भेटीला येईन तेव्हा आपण सोबत वाचू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक