दोन डोळे, एक दृष्टी

सुईत दोरा ओवताना एक डोळा मिटून पाहावा. दोऱ्याचे टोक नेढ्यापाशी नेमके पोहोचले असे वाटते. परंतु ते कधी नेढ्याच्या अलीकडून, तर कधी पलीकडून निघून जाते. दोन्ही डोळे उघडताच तेच काम सोपे होते. एका डोळ्यालाही सुई दिसत होती आणि दोराही दिसत होता. मग दुसऱ्या डोळ्याने अधिक ते काय दिले?

हा प्रश्न फार जुना आहे. चित्र कितीही हुबेहूब काढले, तरी दोन डोळ्यांनी पाहिलेल्या खऱ्या वस्तूचा उठाव त्यात येत नाही, हे इटलीतील थोर चित्रकार लिओनार्दो दा विंची याच्या ध्यानात आले होते. त्याचे कारण प्रयोगाने दाखवून देण्याचा मान मात्र इंग्लंडमधील चार्ल्स व्हीट्स्टन याला मिळाला. वाद्ये बनविणाऱ्या घराण्यात जन्मलेला हा शास्त्रज्ञ लंडनच्या किंग्ज कॉलेजात प्राध्यापक होता.

माणसाच्या दोन डोळ्यांत सुमारे सहा सेंटिमीटर अंतर असते. त्यामुळे जवळची वस्तू दोन्ही डोळ्यांना अगदी सारखी दिसत नाही. नाकासमोर बोट धरून आळीपाळीने एकेक डोळा मिटला, तर मागील भिंतीवर बोट जागा बदलताना दिसते, ते याचमुळे. व्हीट्स्टनने एकाच वस्तूची दोन रेखाचित्रे काढली; एक डाव्या डोळ्याला दिसेल तसे, दुसरे उजव्या डोळ्याला दिसेल तसे. मग दोन आरसे काटकोनात ठेवून त्याने अशी योजना केली, की प्रत्येक डोळ्याला त्याचेच चित्र दिसावे. नवल असे, की कागदावरील सपाट रेषांतून भरीव आकृती उभी राहिली! छायाप्रकाशामुळे हा भास झाला असे कोणी म्हणू नये, म्हणून त्याने चित्रांत केवळ रेषाच ठेवल्या होत्या. हा शोध त्याने १८३८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. खोली दोहोंपैकी एकाही चित्रात नव्हती. दोन चित्रांतील सूक्ष्म फरक ताडून पाहणाऱ्याच्या मेंदूनेच ती निर्माण केली होती.

त्रिमितीय चित्रपटाचे रहस्यही हेच होय. पडद्यावर दोन डोळ्यांसाठी दोन चित्रे दाखवितात आणि विशिष्ट चष्मा प्रत्येक डोळ्याला त्याच्या वाट्याचे चित्र तेवढे पोहोचवितो. १९८४ साली ‘माय डिअर कुट्टिचात्तन’ या मल्याळी चित्रपटाने भारतीय प्रेक्षकांना हा अनुभव दिला. अशा खेळात पडद्यावरील वस्तू अंगावर येताना पाहून कोणी मान मागे घेतो, तर कोणी ती पकडण्यास हात पुढे करतो. पण काहींचे डोळे शिणतात किंवा डोके दुखते. जवळ आलेली वस्तू पाहण्यासाठी दोन्ही डोळे आत वळतात. त्यांतील भिंगांना मात्र दूरच्या पडद्यावरच नजर स्थिर ठेवावी लागते. निसर्गात ही दोन्ही कामे एकमेकांस धरून चालतात. येथे त्यांची फारकत होते.

काही जणांना तर चष्मा लावूनही चित्र सपाटच दिसते. अमेरिकेतील प्राध्यापिका सूझन बॅरी यांना बालपणापासून तिरळेपणा होता. शस्त्रक्रियांनंतर डोळे सरळ दिसू लागले. परंतु त्यांचा मेंदू एका वेळी एकाच डोळ्याचे ऐकत असे. आपल्याला जगाची खोली दिसत नाही, हे त्यांना महाविद्यालयात शिकत असताना प्रथम कळले. पुढे वयाच्या ४८व्या वर्षी त्यांनी तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली डोळ्यांचे व्यायाम चिकाटीने केले. एके दिवशी मोटारीत बसताच समोरचे चाक त्यांना हवेत पुढे उठून आलेले दिसले. नंतर हिमवर्षाव पाहताना त्या थक्क झाल्या. पूर्वी बर्फ समोरच्या एकाच पडद्यात पडल्यासारखा दिसे. आता प्रत्येक कण आपापल्या जागी तरंगत होता आणि त्या स्वतः त्या वर्षावाच्या मध्यभागी उभ्या होत्या!

एका डोळ्याने पाहणारी माणसेही सावल्या, वस्तूंचा लहानमोठेपणा आणि एकीआड एक असलेल्या वस्तू यांवरून अंतर ओळखतात व आपली कामे उत्तम करतात. म्हणून ज्याला त्रिमितीय चित्रात खोली दिसत नाही, त्याला कोणी हसू नये. त्याने संकोच न करता ते वडीलधाऱ्यांना सांगावे आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. आपल्याला दिसते तेच सर्वांना दिसते, असे मानणे ही चूक आहे. डोळे पाहतात हे खरे. परंतु त्या पाहण्यातून जग उभे करतो तो मेंदू!

स्वाध्याय
१. व्हीट्स्टनने चित्रांत छायाप्रकाश का दाखविला नाही?
२. त्रिमितीय चित्रपट पाहताना काहींचे डोळे का शिणतात?
३. हिमवर्षाव पाहून सूझन बॅरी थक्क का झाल्या, ते आपल्या शब्दांत लिहा.