अम्मीबरोबर राणीच्या बागेत

मुलांनो, 'बाग' हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दूत बाग आहे, मराठीतही बाग आहे. फरक एवढाच, की उर्दूत आपण 'हमारा बाग' म्हणतो आणि मराठीत 'आमची बाग' म्हणतो. उर्दूतला तो बाग मराठीत आला की ती बाग होतो! आज मी तुम्हांला अशाच एका बागेत नेणार आहे. तुमच्यापैकी जे मुंबईत राहतात, त्यांनी ती पाहिलीच असेल. ती म्हणजे भायखळ्याची राणीची बाग.

ही बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. तेव्हा तिला इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचे नाव होते. म्हणून लोक तिला राणीची बाग म्हणू लागले. स्वातंत्र्यानंतर तिचे नाव बदलले. आज तिचे नाव 'वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान' असे आहे. जिजाबाई या शिवाजी महाराजांच्या आई. राणीचे नाव गेले आणि आईचे नाव आले. लोकांच्या तोंडी मात्र अजून 'राणीची बाग'च आहे. माझ्याही तोंडी तेच येते.

तुम्ही तिथे वाघ आणि पेंग्विन पाहायला जाता. पेंग्विनच्या दाराशी केवढी मोठी रांग असते! पण या बागेत तीन हजारांहून अधिक झाडे आहेत. त्यांच्यासाठी कोणी रांग लावत नाही. मीसुद्धा कधी लावली नव्हती. पण गेल्या फेब्रुवारीत मी केवळ झाडे पाहण्यासाठी तिथे गेले आणि अम्मीला बरोबर घेऊन गेले.

माझी अम्मी मोहल्ल्यातल्या बायकांचे कपडे शिवते. कोणाच्या गळ्याला कसा घाट हवा, कोणत्या रंगावर कोणती लेस शोभेल, हे तिला विचारायला लांबून बायका येतात. सगळ्या मोहल्ल्याला ती नटवते आणि स्वतः मात्र वर्षानुवर्षे दोन-तीन फिकट जोड्यांवर भागवते. आमच्या घरापासून राणीची बाग पायी अर्ध्या तासावर आहे. तरी मी तिसरीत असताना अम्मी तिथे गेली होती, त्यानंतर कधीच नाही.

मी तिला म्हटले, "अम्मी, चला, बागेत जाऊ."

"या वयात बाग?" ती म्हणाली. "आणि ईदचे कपडे कोण शिवणार? रमजान तर आलाच."

मग मी खरे कारण सांगितले. "मला झाडांवर एक पाठ लिहायचा आहे. पण मला झाडे ओळखता येत नाहीत. तुम्हांला येतात."

कामाचे नाव काढताच ती तयार झाली.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते. मराठी घरांत मुले आईला 'तू' म्हणतात. 'आई, तू कुठे जातेस?' असे विचारतात. तुमच्या कानांना ते खटकेल, कारण आपण अम्मीला 'आप' म्हणतो. पण मराठीत आईला 'तू' म्हणण्यात अनादर नसतो, जवळीक असते. मला अजून ते जमत नाही. म्हणून या पाठात मी अम्मीशी बोलताना 'तुम्ही' म्हणते आणि तिच्याविषयी लिहिताना मात्र मराठी रीतीने 'अम्मी म्हणाली' असे लिहिते. दोन्ही भाषांचा मान राहतो.

रविवारी सकाळी मी शाळेत घालते तोच करडा कुर्ता घालून दारात उभी राहिले. अम्मी आतून आली आणि मी पाहतच राहिले. पांढरा शुभ्र सलवार-कमीज, कडक इस्त्री केलेला. हातांत काचेच्या पिवळ्या बांगड्या. डोक्यावरून घेतलेला मलमलीचा दुपट्टा. त्याचा रंग कधी काळी बसंती असावा, आता तो सायीसारखा दिसत होता. पण त्याच्या काठाला नवा कोरा गोटा चमकत होता. रात्री बारापर्यंत मशीन का चालत होते, ते मला आता कळले. पायांत मात्र माझे पांढरे कापडी बूट होते. "चप्पल घालून बाग कशी फिरणार?" ती म्हणाली. मग माझ्या कुर्त्याकडे पाहून म्हणाली, "तिथे फुले नटून बसली असतील आणि तू अशी येणार?"

मी निमूटपणे कपडे बदलले.

बसंताला पिवळे घालण्याची रीत जुनी आहे. दिल्लीला हजरत निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्यात आजही बसंत साजरा होतो. त्यामागची कथा अशी सांगतात, की आपल्या तरुण भाच्याच्या मृत्यूमुळे हजरत फार दुःखी होते. ते कोणाशी बोलत नव्हते, हसत नव्हते. अमीर खुसरोंनी एक दिवस पिवळी वस्त्रे घातली, हातांत मोहरीची फुले घेतली आणि ते हजरतांसमोर येऊन उभे राहिले. त्यांना पाहून हजरतांच्या चेहऱ्यावर हसू आले. चांगले कपडे आपण आपल्यासाठी घालतो, असे मला वाटत होते. ही कथा वाचल्यापासून माझे मत थोडे बदलले आहे.

रेल्वेवरचा पूल ओलांडून आम्ही बागेत शिरलो. पहिलेच मोठे झाड दिसले. पान एकही नाही, पण फांद्यांवर लाल, जाड पाकळ्यांची फुले. मी पाटी वाचली, "काटेसावर."

"सेमल!" अम्मी म्हणाली. "याचा कापूस उशांमध्ये भरतात. तुझ्या आजीच्या घरी सगळ्या उशा सेमलच्या होत्या."

झाडावर साळुंक्यांचा नुसता गोंधळ चालला होता. सावरीचे फूल म्हणजे एक पेलाच असतो. त्यात मध भरलेला असतो. साळुंकी, बुलबुल, कावळे तो प्यायला येतात. मध पिताना त्यांच्या डोक्याला पराग लागतात आणि ते पराग पुढच्या फुलाकडे जातात. आता विचार करा, हे झाड पाने गाळून मग का फुलते? हिवाळा संपला की जमिनीतले पाणी कमी होऊ लागते. पानांतून पाण्याची वाफ होऊन जाते, म्हणून झाड पाने टाकून देते. मग लाल फुले झाकायला पाने उरत नाहीत आणि पाखरांना ती दुरून दिसतात. लाल रंग पाखरांना फार चांगला दिसतो.

थोडे पुढे गेलो. एका वेड्यावाकड्या खोडाच्या झाडावर नारिंगी रंगाची फुले होती. प्रत्येक फूल पोपटाच्या चोचीसारखे वाकलेले. मी पाटी वाचणार, तोच अम्मी भराभर पुढे गेली आणि तिने खोडावर हात ठेवला.

"टेसू!" ती म्हणाली. "हा तर ढाक. आझमगढला आमच्या गावाबाहेर याचे रानच होते."

"मराठीत याला पळस म्हणतात," मी म्हटले.

"पलस," अम्मी म्हणाली.

मी तिला सांगितले, की मराठीत एक म्हण आहे, 'कुठेही गेले तरी पळसाला पाने तीनच.' पळसाच्या एका देठावर तीनच पाने असतात, मग झाड कोणत्याही गावचे असो. म्हणजे कुठेही जा, परिस्थिती सारखीच. हे ऐकून अम्मी मोठ्याने हसली. "अरे, हे तर आपलेच! वही ढाक के तीन पात!"

मुलांनो, मी बी. एड. केले, मराठी शिकवते, ही म्हण फळ्यावर कितीदा तरी लिहिली. 'ढाक के तीन पात' तर लहानपणापासून ऐकत आले. पण ढाक म्हणजेच पळस, हे मला त्या दिवशी कळले. जिला मराठीची पाटी वाचता येत नाही, तिने मला ते शिकवले.

आता मला तुम्हांला एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगायला मला आवडत नाही.

'पळस'मधला 'ळ' उर्दूत नाही. तो म्हणायला जिभेचे टोक मागे वळवून टाळूला लावावे लागते. 'पहाड़'मधला 'ड़' म्हणताना जीभ जिथे जाते, साधारण तिथेच. तुम्हांला तो शिकावाच लागेल, कारण त्याच्यामुळे अर्थ बदलतो. 'मूल' म्हणजे बच्चा आणि 'मूळ' म्हणजे झाडाची जड. मी सातवीत असताना मराठी वक्तृत्व स्पर्धेसाठी दुसऱ्या एका शाळेत गेले होते. दुपारी अम्मी मला भेटायला आली. तिने दारातल्या बाईंना मराठीत विचारले, "माझी मुलगी सकालपासून आली आहे, तिचे भाषण झाले का?" जवळ उभ्या असलेल्या दोन-तीन मुली 'सकाल, सकाल' म्हणत हसल्या. अम्मीने माझ्याकडे पाहिले. मी तोंड फिरवले. ती माझी कोणी नाही, असे दाखवून मी दुसऱ्या खोलीत गेले.

त्यानंतर कोणत्याही स्पर्धेची तारीख मी तिला सांगितली नाही. तिनेही कधी विचारली नाही.

पळसाखाली उभी असताना मला हे सगळे आठवले. मी म्हटले, "अम्मी, ती वक्तृत्व स्पर्धा आठवते तुम्हांला? मी सातवीत होते."

"आठवते ना," अम्मी म्हणाली. "तू निळ्या रिबिनी बांधल्या होत्यास. कमीजच्या उरलेल्या कापडातून मीच केल्या होत्या. फार गोड दिसत होतीस."

तिला बाकीचेही आठवत होते की नाही, कोण जाणे. ती मान वर करून फुलांकडे पाहत होती. मी तिचा हात धरला आणि आम्ही पुढे निघालो.

बागेच्या आतल्या भागात उर्वशीचे झाड आहे. हे झाड मूळचे म्यानमारचे. त्याची फुले लांब देठांवरून खाली लोंबतात. रंग गुलाबी-लाल आणि पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. मला ती झुंबरासारखी वाटली. अम्मी म्हणाली, "झुंबर नाही, झुमके!" तिचे बरोबर होते. या झाडाचे शास्त्रीय नाव 'अ‍ॅम्हर्स्टिया' असे आहे. लॉर्ड अ‍ॅम्हर्स्ट १८२३ ते १८२८ या काळात हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल होते. पण झाडाला नाव त्यांच्यावरून दिलेले नाही. त्यांची पत्नी आणि मुलगी, दोघींनाही वनस्पतींची फार आवड होती. म्हणून वॉलिक नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने या दोघी मायलेकींच्या सन्मानार्थ झाडाला हे नाव दिले.

"मुलीचे नाव काय होते?" अम्मीने विचारले.

"सारा."

"आपल्या मोहल्ल्यातही चार सारा आहेत," अम्मी म्हणाली. "दोघींचे कपडे मीच शिवते."

मग आम्ही बाकावर बसलो. एक अनोळखी बाई आपल्या मुलीला घेऊन जवळून चालल्या होत्या. त्या थांबल्या आणि अम्मीच्या दुपट्ट्याकडे पाहून म्हणाल्या, "काठ फार सुंदर आहे हो! कुठे घेतला?" अम्मीने आधी माझ्याकडे पाहिले. मग मराठीत म्हणाली, "मीच लावला. काल रात्री." पुढची दहा मिनिटे दोघी गोटा, किरण आणि लेस यांविषयी बोलत होत्या. अम्मीचे मराठी जिथे अडत होते तिथे ती बोटांनी दाखवत होती. तिने माझी मदत मागितली नाही आणि मीही मध्ये बोलले नाही.

परतताना आम्ही पुन्हा पळसाकडे गेलो. बागेतले फूल तोडायचे नसते, हे तुम्हांला माहीत आहे. अम्मीने खाली पडलेली मूठभर फुले रुमालात गोळा केली. तिची आई दर फागुनात टेसूची फुले पाण्यात उकळून दुपट्टे रंगवायची. थोडी तुरटी घातली की पिवळा रंग नीट चढतो. चुना घातला तर तो नारिंगीकडे झुकतो. पण हा रंग पक्का नसतो, धुण्याने उतरत जातो. म्हणून दर वर्षी पुन्हा रंगवायचे. अम्मीच्या डोक्यावरचा तो सायीच्या रंगाचा दुपट्टा आजीने रंगवलेला शेवटचा दुपट्टा होता.

मूठभर फुलांत दुपट्टा कसा रंगणार? अम्मीने घरी पातेले चढवले, फुले उकळली आणि त्यात तो रुमालच बुडवला. संध्याकाळी खिडकीतल्या दोरीवर एक पिवळा रुमाल वाळत होता आणि शेजारच्या बायका विचारत होत्या, "हा रंग कसला?"

"पलस," अम्मी प्रत्येकीला सांगत होती.

मी दुरुस्त केले नाही.

तुमच्या गावी पळस असेलच. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो सहज ओळखू येतो. घरी अम्मीला, आजीला विचारा, त्यांच्या माहेरी या झाडाला काय म्हणत आणि त्याचे काय काय करत. उत्तर त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून आणा. आणि हो, विचारायला जाल तेव्हा त्यांना घेऊन बाहेर पडा. त्यांना कपडे बदलायला थोडा वेळ द्या.