पाण्याबरोबर काय आलंय ते बघ

पोरी, गावात पाणी तपासणाऱ्या पाच जणींत तुझं नाव आलं, बरं झालं. आपल्याकडे मामानं भाचीच्या पाया पडायचं असतं, तिला शिकवायचं नसतं. पण माझी उभी नोकरी खाणीच्या प्रयोगशाळेत दगड विरघळवण्यात गेली, त्यामुळे सांगितल्याशिवाय राहवत नाही. एफटीकेच्या, म्हणजे पाणी तपासायच्या, पेटीतल्या बाटल्यांवर काय लिहिलंय ते तू वाचशीलच. मी पेटीत नसलेलं सांगतो.

पाणी एकटं कधीच येत नाही. त्याच्या रेणूत ऑक्सिजनच्या बाजूला थोडा ऋण भार असतो, हायड्रोजनच्या बाजूला थोडा धन. या ओढीमुळे मीठ, साखर, चुना असलं कितीतरी काही त्यात सुटं होऊन मिसळतं. रक्त, घाम, झाडाच्या देठातला रस, सगळं याच गुणावर चालतं. विहिरीत दगड उतरतो तोही यानंच. चिखला, डोंगरी बुजुर्ग, पलीकडे तिरोडी, असा मँगनीजचा हा पट्टा. १९०९ साली फर्मर या भूवैज्ञानिकानं हिंदुस्थानातल्या मँगनीजवर जाडजूड ग्रंथ लिहिला, तेव्हा इथल्या एका जातीच्या खडकाला त्यानं गोंडांवरून ‘गोंडाइट’ नाव दिलं. असल्या जमिनीतून झिरपलेलं पाणी कोरं निघेलच असं धरून चालू नको.

काळा दगड म्हणजे मँगनीज डायऑक्साइड. तो साध्या पाण्यात विरघळत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण खोल जमिनीत, जिथे हवा पोचत नाही, तिथे जिवाणू त्याचा ऑक्सिजन ओढून घेतात आणि उरलेलं मँगनीज पाण्यात उतरतं. बोरिंगमधून आलेलं असं पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं. लोहाचं पाणीही सुरुवातीला तसंच असतं, पण हवा लागली की काही तासांत तांबूस होतं. मँगनीज आळशी आहे. ते कित्येक दिवस काही दाखवत नाही, मग एके दिवशी टाकीच्या बुडाशी काळी-चॉकलेटी साय दिसते, नळाच्या तोंडाशी काजळी दिसते. तांबूस की काळं, एवढं आधी बघून ठेव. शंका असली तर वाटीभर पाण्यात हिरड्याची पूड टाक. निळसर काळं झालं तर लोह आहे. मँगनीज हिरड्याला दाद देत नाही.

मँगनीज मोजायची सोय बहुतेक पेट्यांत नसते. त्यासाठी नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतच पाठवावा लागतो, आणि अर्जात ‘मँगनीज’ असं लिहून मागावं लागतं, नाहीतर कोणी बघत नाही. बोरिंगचं पाणी चार-पाच मिनिटं उपसून टाक, मगच बाटली भर. पाइपात रात्रभर बसलेलं पाणी पाइपाचीच हकिगत सांगतं. निकाल आला की आकडा बघ. आपल्या भारतीय मानकात लिटरला ०.१ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ०.३ पर्यंत चालवून घेतात. लहान बाळाच्या अंगात मँगनीज मोठ्या माणसापेक्षा जास्त मुरतं. म्हणून ज्या घरी वरच्या दुधाची पावडर पाण्यात कालवतात, त्या घरचा नमुना सगळ्यांत आधी घे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी नको, आईचं दूध पुरतं. हे सासवांना सांगायचं काम तुझं. मी सांगितलं तर ऐकणार नाहीत.

आता ओटी टेस्ट. थेंब टाकले, पाणी पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन आहे, असं सगळे समजतात. आपल्यासारख्या गावात यात एक फसगत आहे. ऑक्सिडीभवन झालेलं मँगनीजही त्याच थेंबांनी पिवळं दाखवतं. म्हणजे टीसीएल ही ब्लीचिंग पावडर टाकलेलीच नसताना रंगपट्टी ‘सुरक्षित’ म्हणू शकते. संशय आला तर तेच पाणी दहा मिनिटं उकळ, गार कर, पुन्हा थेंब टाक. उकळल्यावर क्लोरीन उडून जातो. तरीही पिवळं आलं तर ते मँगनीजचं सोंग. खरा मोकळा क्लोरीन थेंब पडताच रंग देतो, तेव्हा घाईनं वाच. शेवटच्या घरच्या नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम हवा, टाकीजवळच्या नळाला नव्हे. लोह आणि मँगनीज वाटेतच क्लोरीन खातात. आणि तपासलेलं पाणी मोरीत ओत, गुराला पाजू नको.

टीसीएल कोरडीच टाकीत भिरकावणारे मी पाहिले आहेत. बादलीत कालव, चुना खाली बसू दे, वरचं निवळ तेवढं टाकीत सोड आणि निदान अर्धा तास नळ उघडू देऊ नको. गंमत बघ, क्लोरीन माणसानं पहिल्यांदा पकडला तो आपल्या काळ्या दगडातूनच. १७७४ साली शीले नावाच्या स्वीडिश औषधवाल्यानं हा दगड मिठाच्या तेजाबात तापवला आणि पिवळट-हिरवा वायू निघाला. तोच वायू तुझ्या न्हाणीघरातही निघू शकतो. फरशी धुवायचं ॲसिड आणि टीसीएल कधी एकत्र करू नको, एकाच्या डब्यात दुसरं ठेवू नको. खोकून जीव जायची वेळ येते.

कपड्यांवर काळे-तपकिरी डाग पडले की बाया ब्लीच घासतात. ब्लीचनं मँगनीजचा डाग अधिक पक्का होतो. तिथे आंबट लागतं. लिंबू किंवा आवळ्याचा रस लाव, थोडा वेळ ठेव, धू. आवळ्यातलं क जीवनसत्त्व काळ्या मँगनीजला पुन्हा विरघळणारं करून सोडतं. लाल दव्यानं हात तपकिरी झाले तरी हाच इलाज, कारण लाल दवा म्हणजेही मँगनीज.

एवढं ऐकून मँगनीजला वैरी ठरवू नको. तुझ्या दारच्या मोहाचं प्रत्येक हिरवं पान त्याच्यावर जगतं. पानात उजेड पडला की पाणी फोडायचं काम चार मँगनीज आणि एक कॅल्शियम यांचा छोटासा गट करतो. पाण्याचे दोन रेणू फुटतात, ऑक्सिजनचा एक रेणू बाहेर पडतो. आपण ओढतो त्या श्वासातला ऑक्सिजन बहुतेक सगळा असाच आलेला. जपानच्या संशोधकांनी २०११ साली या गटाचा एकेक अणू कुठे बसलाय ते स्पष्ट दाखवलं. तेव्हा मी निवृत्त होतो, तरी ते वाचून दिवसभर कोणाशी बोललो नाही. ज्या धातूची टक्केवारी काढण्यात माझा जन्म गेला, तो असल्या कामावर आहे हे मला कोणी शाळेत शिकवलं नव्हतं. शाळेत बोलावलं तर पोरांना हे आधी सांग, व्याख्या मागाहून.

धानाच्या बांधीतही हाच खेळ आहे. बांधी भरली की चिखलातला ऑक्सिजन संपतो. मग जिवाणू नायट्रेटवर जातात, नंतर मँगनीजवर, नंतर लोहावर, शेवटी गंधकावर. धान आपल्या देठातून मुळांना हवा पुरवतं, म्हणून तगतं. रोप उपटून मूळ बघत जा. पांढरं किंवा तांबूस असलं तर हरकत नाही. काळं आणि सडक्या अंड्याचा वास आला तर गाडी गंधकापर्यंत पोचली. पाणी काढून टाक, जमिनीला बारीक भेगा पडू दे, मग परत भर. पऱ्हे टाकायच्या आधी बियाणं मिठाच्या पाण्यातून काढायचं ते तुझ्या बापाला ठाऊक आहे, तरी तोलून घे: दहा लिटरला तीनशे ग्रॅम. मिठानं पाणी जड होतं, पोचट दाणे वर येतात. खाली बसलेलं बी दोनदा साध्या पाण्यानं धुवायचं आणि सावलीत सुकवायचं. धुतलं नाही तर उगवणीला मार बसतो.

राहिला घाम. एक लिटर पाणी अंगावरून वाळायला जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता लागते, ती अंगातूनच जाते. मे महिन्यात ऊन कडक, पण हवा कोरडी, घाम वाळतो. रोवणीच्या दिवसांत पारा कमी आणि हवा ओली. घाम नुसताच वाहतो, अंग थंड होत नाही. भुयारी खाणीतही तीच गत. म्हणून ओल्या फडक्याच्या तापमापकानं ३०.५ अंश ओलांडले की कामाच्या जागी सेकंदाला किमान एक मीटर वेगानं हवा खेळती ठेवावी असा खाणीचा नियम आहे. बांधीत कोणाला चक्कर आली तर नुसतं ओलं फडकं पुरत नाही. फडकं आणि वारा, दोन्ही. झाडाखाली आण, लुगडं सैल कर, सुपानं वारा घाल. बरळायला लागली, शुद्ध हरपू लागली तर तोंडात काही ओतत बसू नको, गाडी बोलाव.

शुद्धीवर असेल तर साखर-मिठाचं पाणी दे. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. साखर चवीसाठी नाही. आतड्यात साखरेच्या सोबतीनंच मीठ आत शिरतं, आणि त्यांच्या मागे पाणी. मीठ वाढवू नको, अश्रूंपेक्षा खारट लागलं तर फेक. केलेलं पाणी एका दिवसात संपलं नाही तर तेही फेक. आणि उन्हात राबलेल्या बाईला ‘पाणी प्यालीस का’ असं विचारू नको, त्याला सगळ्याच हो म्हणतात. लघवीला केव्हा गेली होतीस आणि रंग कसा होता ते विचार. लाजतील, तरी विचार.