पोचा काही पळून जात नाही

काल रात्री साडेदहाला तुझा फोन आला, तोही रडवेल्या आवाजात, "मावशी, गाडी ठोकली गं." माझ्या छातीत धस्स झालं. मग कळलं, सोसायटीच्या गेटचा खांब आणि तुझा मागचा बंपर यांची गाठभेट झालीय. अरे, गेल्या तीस वर्षांत मी खांब, कठडे, एक नारळाचं झाड आणि तुझ्या काकांची स्कूटर या सगळ्यांना भेटून आलेय, आणि प्रत्येक वेळी दुरुस्तीचा पहिला निर्णय चुकवलाय. त्या चुकांतून उरलेलं शहाणपण लिहून पाठवतेय. चहा घे आणि सावकाश वाच.

१. आधी माणूस बघ, मग पत्रा बघ. कुणाला लागलं असेल तर दवाखाना आणि पोलीस आधी – पत्रा ठोकून सरळ होतो, माणूस नाही.

२. समोर दुसरी गाडी असेल तर भांडण्याआधी फोटो काढ: लांबून, जवळून, दोन्ही नंबरप्लेट दिसतील असे – दुसऱ्या दिवशी प्रत्येकाची आठवण आपापल्या सोयीनं वळण घेते.

३. त्याच रात्री काही ठरवू नकोस – संध्याकाळी परातीएवढा दिसलेला पोचा सकाळी वाटीएवढा होतो.

४. चार गोष्टींना मात्र रात्रभरही थांबू नकोस: गाडीखाली टपकणारं कूलंट, टायरच्या बगलेला आलेला फुगा, चाकाला घासणारा पत्रा आणि नीट न बसणारं बॉनेट. यातलं एकही दिसलं तर गाडी जागेवर ठेव आणि मेकॅनिकला तिथंच बोलाव – बाहेरून खरचटलेल्या पुढच्या बंपरच्या मागं रेडिएटर फुटलेला असू शकतो, आणि इंजिन तापलं की बंपरचं दुःख विसरायला होतं.

५. मग गाडी धुऊन बघ, पण कोरड्या फडक्यानं घासू नकोस – निम्मे ओरखडे खांबाच्या रंगाचे असतात, आणि अंगावरची धूळ पॉलिश पेपरचं काम करते.

६. चऱ्यावरून नख आडवं फिरव. अडकलं नाही तर चरा वरच्या क्लिअर कोटमध्येच आहे, रबिंग-पॉलिशनं बहुतेक जाईल. अडकलं तर रंगाचं काम आलं – नख फुकट असतं आणि पेंटरपेक्षा खरं बोलतं.

७. पत्रा उघडा पडलाय का ते बघ. पडला असेल तर आठवड्याच्या आत निदान प्रायमर आणि टचअप करून घे, कोकणात जाणार असशील तर त्याआधीच – गंज रंगाच्या आडून चालतो, आणि फुगवटा दिसेपर्यंत बराच आत गेलेला असतो.

८. तुझा बंपर प्लास्टिकचा आहे, त्याला गंज चढत नाही. तो दिवाळीपर्यंत थांबला तरी चालेल. माझी म्हण लक्षात ठेव: जिथं पाणी शिरतं तिथं घाई, जिथं नुसती नजर अडते तिथं दम.

९. याच म्हणीनं टेललाइटही तपास. काचेला केसाएवढा तडा असला तरी पावसाळ्याआधी बदल – आत वाफ धरते, मग बल्ब आणि वायरिंग दोन्ही रुसतात.

१०. बंपरचा कोपरा नुसता सुटून लोंबत असेल तर नवा बंपर घेण्याआधी क्लिपा आणि ब्रॅकेट बघायला सांग – पुष्कळदा तुटते ती छोटी क्लिप, आणि बिलात येतो अख्खा बंपर.

११. गरम पाणी ओतून पोचा काढायची युक्ती फक्त प्लास्टिकला, आणि तीही पोचा गोलसर असेल, घडी पडली नसेल तरच. मी ती एकदा दाराच्या पत्र्यावर केली – दार होतं तसंच राहिलं, माझा हात भाजला.

१२. पत्र्याला पोचा आहे पण रंग तडकला नाही, असं असेल तर पेंटलेस डेंट रिपेअरवाल्याला आधी दाखव. तो आतून सळीनं हळूहळू दाबून पत्रा वर आणतो – कंपनीतून आलेला रंग शाबूत राहतो, आणि त्याच्या तोडीचा रंग नंतर मिळणं अवघड.

१३. बंपरमध्ये पार्किंग सेन्सर किंवा रडार असेल तर काम झाल्यावर ते तपासून घे – जाड लांबी (पुट्टी) आणि रंगाचे थर चढले की सेन्सरलाही मोतीबिंदू होतो.

१४. आता विमा. पॉलिसी उघडून बघ. नुसती थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या पोच्याचे पैसे मिळत नाहीत – माझ्या एका शेजाऱ्यानं हे कळायच्या आधी तीन दिवस सर्व्हेअरची वाट पाहिली.

१५. क्लेम घ्यायचा विचार असेल तर दुरुस्तीला हात लावण्याआधी विमा कंपनीला कळव – सरळ झालेला पोचा सर्व्हेअरला दाखवता येत नाही.

१६. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, नसेल तर प्लास्टिकच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात. शिवाय १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० आणि त्यावरच्या गाडीला २,००० रुपये सक्तीनं आपल्या खिशातून – म्हणून ४,००० च्या बंपरचे हातात फार तर १,००० येतात.

१७. नो क्लेम बोनसचा हिशेब कागदावर मांड. समज, ओन डॅमेजचा मूळ हप्ता ८,००० आहे आणि तुझी सूट ५० टक्क्यांवर पोचलीय. एक क्लेम घेतलास की ती शून्यावर येते आणि मग दरवर्षी २०, २५, ३५, ४५ करत पुन्हा ५० वर चढते – हप्ता तेवढाच धरला तर पाच नूतनीकरणांत मिळून १०,००० रुपये जास्त भरावे लागतात.

१८. हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिही: कंपनी खरोखर देईल ती रक्कम, आणि जाणारी सूट. दुसरा मोठा असेल तर मुकाट्यानं खिशात हात घाल – फुकटाची दुरुस्ती पाच वर्षं हप्त्यानं फेडावी लागते.

१९. जुने चार पोचे एकाच अपघाताच्या नावावर खपवू नकोस, कुणी कितीही डोळा मारला तरी – नवा आणि जुना ओरखडा सर्व्हेअरला कळतो, आणि खोट्यापायी खरा क्लेमही अडकतो.

२०. शोरूम आणि कोपऱ्यावरचा डेंटर, दोघांकडून लेखी अंदाज घे. दुरुस्त करणार की बदलणार, हे प्रत्येक भागापुढं लिहून घे, आणि बदललेला जुना भाग परत माग – मागणाऱ्याच्या गाडीत सहसा नवाच बसतो.

२१. लांबी किती चढवणार ते विचार. माझ्या मारुती ८०० च्या दाराला एकानं ठोकायचा कंटाळा करून बोटभर लांबी भरली. दुसऱ्या उन्हाळ्यात ती तडकली, आणि गाडी विकताना गिऱ्हाईकानं खिशातून लोहचुंबक काढून दाराला लावलं. ते चिकटलंच नाही – पत्र्याचं खोटं चुंबकाला कळतं.

२२. पेंटरला गाडीवरच्या स्टिकरचा रंगाचा कोड दे आणि गाडी ताब्यात घेताना भर उन्हात बघ – मेटॅलिक रंग ट्यूबलाइटखाली जुळतो आणि अंगणात आल्यावर ठिगळासारखा दिसतो.

२३. हाय सिक्युरिटी नंबरप्लेट मोडली असेल तर कोपऱ्यावरून साधी करून घेऊ नकोस, अधिकृत ठिकाणीच बदल – नाहीतर पोच्यापाठोपाठ दंडही यायचा.

२४. आणि एखादा ओरखडा तसाच राहू दे. तुझ्या काकांच्या स्कूटरची निळी रेघ माझ्या गाडीवर नऊ वर्षं होती – ती होती तोवर रिव्हर्स टाकताना मी दरवेळी मागं वळून बघायचे.

२५. शेवटचं काम आजच कर: जुन्या टायरचा एक तुकडा आणून त्या खांबाला बांध – या अख्ख्या यादीत सगळ्यांत स्वस्त दुरुस्ती खांबाचीच आहे.